विदर्भातल्या उन्हाळ्यात परस गजबजतं ठेवण्याची रीत

मे महिन्यात परस माणसांनी आणि पाखरांनी भरलेलं हवं असेल तर तयारी होळीच्या आधीच सुरू करा. पारा पंचेचाळीसवर गेला आणि नातवंडं दारात येऊन उभी राहिली, की मग मांडवाच्या बल्ल्या, म्हणजे लाकडी खांब, गाडायला कोणाच्याच अंगात त्राण उरत नाही. आपल्याकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको. नागपूरला 2013 च्या मे महिन्यात 47.9 अंश नोंदले गेले होते. अशा उन्हात माणूस काय, खार काय, सातभाई पाखरं काय, सगळ्यांची गरज सारखीच असते: गार सावली आणि तिच्याजवळ पाणी. ही दोन्ही एका जागी आणली की गोतावळा आपसूक जमतो. मी वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलाकडच्या बाजूला राहते. आमच्या घरी जे चालतं तेच इथं सांगते आहे.

मांडव

मांडव घराच्या पूर्वेला घाला. दुपार कलली की घराचीच सावली त्याच्यावर येते आणि चारच्या सुमारास खाली बसता येतं. पश्चिमेचा मांडव भिंत तापू देत नाही, तोही फायद्याचाच. पण त्याखाली दिवस मावळेपर्यंत बसवत नाही. एकच घालायचा असेल तर पूर्वेचा.

चार बल्ल्या दीड-दोन हात खोल गाडायच्या, वर आडवे बांबू बांधायचे आणि त्यावर तुऱ्हाट्यांचा जाड थर द्यायचा. तूर निघाली की तुऱ्हाट्या फेब्रुवारीतच आणून ठेवा, नंतर त्या चुलीत जातात. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, मात्र मांडवावर घालू नका. ती ढीगभर पडलेली असते, फुकट मिळते, म्हणून मोह होतो. पण तिच्यावरच्या न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात आपल्याच कपाशीवर उतरते. बाजारात मिळते ती हिरवी जाळीही चालते, पण तुऱ्हाट्यांमधून हवा खेळते तशी जाळीतून खेळत नाही. वरून कडुनिंबाच्या किंवा जांभळीच्या डहाळ्या टाकल्या की पहिले काही दिवस तर खाली लग्नघरासारखा वास येतो.

खालची जमीन चोपून, सारवून घ्या. फक्त मांडवाबाहेर एका कोपऱ्यात दोन टोपली बारीक माती तशीच मोकळी राहू द्या. तिथं पाणी शिंपडायचं नाही. ती चिमण्यांची आंघोळीची जागा. सकाळी आठ-नऊच्या सुमारास त्या तिथं येतात, पोटाने खळगा करतात, पंख फुलवून धूळ अंगावर घेतात आणि झटकतात. पिसांमधल्या बारीक किड्यांपासून त्यांची सुटका अशी होते. मागे नातवाने त्या खळग्यांवर झाडू फिरवायला घेतला तर माझ्या सासूबाई बाजेवरूनच ओरडल्या, "अरे पोट्ट्या, त्याईची न्हाणी हाये थे, राहू दे!"

पाखरांचं पाणी

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण पाणी बहुतेक जण ठेवतात पण भांडं आणि जागा यांचा विचार करत नाहीत.

भांडं मातीचं आणि उथळ हवं. कुंभाराकडे परळ मिळतं, कुंडीखालची मातीची थाळीही चालते. कडेला पाणी बोटभर आणि मध्ये फार तर दोन इंच, याहून खोल नको. मातीचं भांडं पाझरतं, त्यामुळे पाणी गार राहतं. शिवाय त्याची कड खरबरीत असते, पाखरांच्या नखांना पकड मिळते. स्टीलचं किंवा प्लास्टिकचं भांडं निसरडं असतं आणि उन्हात त्यातलं पाणी हाताला चटका देतं. परळात एक चपटा दगड ठेवा, त्याचं डोकं पाण्याबाहेर राहील असा. मधमाश्या त्याच्यावर उतरून कडेचं पाणी पितात, बुडत नाहीत.

भांडं दिवसभर सावली राहील अशा जागी, पाच फुटांच्या आसपास उंचीवर ठेवा. आम्ही शेवग्याच्या बुंध्याजवळ एक खांब रोवून वर फळी ठोकली आहे. जवळ झाड हवंच. पाखरू आधी फांदीवर बसून चहूकडे बघतं आणि मग खाली येतं. पण भांड्याला लागूनच दाट झुडूप नको, तिथं मांजर दबा धरून बसते. खाली जमिनीवर दुसरं एक परळ सातभाई, खारी आणि सरड्यांसाठी ठेवा, तेही उघड्यावर, भिंतीपासून चार-पाच हात दूर.

पाणी रोज बदला. सकाळी उरलेलं मोगऱ्याला घाला, नारळाच्या काथ्याने परळ घासा, साबण लावू नका, ताजं पाणी भरा. दोन-तीन दिवस पाणी तसंच राहिलं तर शेवाळ धरतं, विष्ठा साचते आणि एका पाखराचा आजार दुसऱ्याला लागतो. आठवडा-दहा दिवस राहिलं तर त्याच पाण्यातून डास तयार होऊन उडतात. मे महिन्यात दुपारी दोनला पुन्हा एकदा भरावं लागतं, कारण परळ कोरडं पडतं आणि खरी गरज तेव्हाच असते. पाखरांना घाम येत नाही. कावळा, साळुंकी चोच उघडी टाकून बसलेले दिसतात ना, ते धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढत असतात. त्यात पाणी खर्च होतं.

आमच्या गल्लीतली एक बाई मला म्हणाली होती, "काकू, आमच्याइथं माणसायलेच पाणी पुरत नाही, पाखरायले कुठून ठेवू?" तिचं म्हणणं खरं होतं. नळ दोन-तीन दिवसांआड येतो तिथं घागर घागर जपावी लागते. पण परळाला एक तांब्या पुरतो. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी झाडांना घातलं तर तो एक तांब्या वाचतो. आता तिच्या कुंपणावरही परळ आहे.

एकदा पाणी लागलं की सकाळी सातच्या आत बाज टाकून दहा हातांवर बसा आणि नुसतं बघा. प्रत्येकाची पिण्याची तऱ्हा वेगळी. बुलबुल चोच बुडवतो आणि मान वर करून घोट खाली उतरवतो, चिमणीही तशीच. होला, म्हणजे कबुतराचा लहान भाऊबंद, मात्र चोच पाण्यात खुपसून एका दमात ओढत राहतो, मान वर करत नाही. वेडा राघू (हा पोपट नव्हे, तारेवर बसणारं छोटं हिरवं पाखरू) भांड्यावर बसतच नाही. हौद किंवा विहिरीचं पाणी उघडं असेल तर वरून झेप घेऊन पाण्याला अंग लावतो आणि तारेवर जाऊन पिसं साफ करतो. सातभाई येतात ते कलकलाट करत, सगळे मिळून. एखादा वर फांदीवर थांबतो. मांजर दिसली की तो असा काही ओरडतो की क्षणात परळ रिकामं. आंघोळीचा मान बुलबुलाचा. त्याने एकदा पंख फडफडवायला सुरुवात केली की निम्मं पाणी बाहेर, आणि शेपटीखालची लाल पिसं भिजून काळपट दिसतात.

दाणे हवे तर ज्वारी किंवा तांदळाची कणी टाका, मूठभरच. ज्वारीची चार कणसं वळचणीला बांधली तर चिमण्या त्यांना लोंबकळून दाणे टिपतात, ते बघायला लहान पोरं तासभर बसतात. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या लोंब्यांचे तुरे दाराशी बांधतात, तीही रीत सुंदर आहे. शेव, चिवडा, खारे दाणे, ब्रेड यातलं काही देऊ नका. आणि वानरांना तर काहीच देऊ नका. जंगलातलं पाणी आटलं की ती गावात येतात, दया येते हे मलाही कळतं. पण एकदा हातातली पोळी घ्यायची सवय लागली की ती कौलं फोडतात, पोरांच्या हातातून ओढतात, आणि शेवटी दगड त्यांनाच खावे लागतात.

परसातलं काय तोडायचं नाही

मार्च-एप्रिलमध्ये अंगण साफ करायचा हुरूप येतो. तेव्हा शेवग्याची वाळकी फांदी तोडू नका. तांबट याच दिवसांत मऊ, वाळलेल्या लाकडात घर कोरतो. आमच्या शेवग्याला रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, कंपासने काढल्यासारखं गोल भोक आहे, फांदीच्या खालच्या बाजूला, म्हणजे पाऊस आत जाऊ नये. खाली सकाळी भुसा पडलेला दिसला की समजायचं, काम चालू आहे. दुपारभर "टुक टुक टुक" ऐकू येतं तो हाच, चिमणीएवढा हिरवा, कपाळ आणि गळ्याखाली लाल. वड-पिंपळाची फळं हे त्याचं खाणं.

पालापाचोळाही पेटवून देऊ नका. कडुनिंबाखाली, आंब्याखाली तसाच लोटून ठेवा. सातभाई त्यातली पानं उलटून किडे शोधतात, खालची ओल टिकते, आणि पहिल्या पावसानंतर त्याचं खत होतं.

चिमण्यांसाठी खोकं लावायचं असेल तर लाकडी घ्या, भोक सव्वा इंचाचं ठेवा. एवढ्या भोकातून चिमणी जाते, साळुंकी जात नाही. ते आठ-दहा फुटांवर, पत्र्यापासून दूर, पश्चिमेचं ऊन लागणार नाही असं टांगा. कूलर बाहेर काढला की बटण दाबायच्या आधी आत हात घालून बघा, बंद कूलरमध्ये होले आणि साळुंक्या हमखास काड्या आणून ठेवतात. अंडी असतील तर पिल्लं उडेपर्यंत महिना-सव्वा महिना दुसऱ्या खोलीत झोपा. एवढं करता येतं.

पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर पोरं ते ओंजळीत घेऊन धावत येतात. अंगावर पिसं आलेली असतील, टुणटुण उड्या मारत असेल, तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. जवळच्या झुडपात ठेवून मागे व्हा, आई-बाप जवळपासच असतात. अगदीच उघडं, लाल पिल्लू असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते असं सगळे म्हणतात, ते खरं नाही. चोचीत पाणी ओतायचं नाही. ते श्वासनळीत जातं आणि पिल्लू दगावतं. उन्हाने भोवळ येऊन मोठं पाखरू पडलं तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, गार जागी ठेवा आणि शेजारी वाटीत पाणी ठेवा. सावरलं तर संध्याकाळी उन्हं उतरल्यावर सोडून द्या. पोपटाचं पिल्लू मात्र कोणी हौसेने पाळायला आणलं तर स्पष्ट नाही म्हणा. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला बंदी आहे, आणि कायदा नसता तरी पिंजऱ्यातला राघू मला बघवत नाही.

पहाटेचं काम

उन्हाळ्यातली माणसांची खरी मजा पहाटे चार ते आठ. कुरडयांचा दिवस ठरला की जावा, शेजारणी, आलेल्या नणंदा, सगळ्यांना आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक रात्रभर बसवायचा. पहाटे वरचं पाणी हलक्या हाताने ओतून टाकलं की तळाला पांढरा, घट्ट चीक राहतो. जितका चीक तितकं पाणी, मीठ, हिंग, आणि मग दोघींनी आळीपाळीने हाटायचं. हात थांबला की गाठी झाल्याच. तो गरम चीक वाटीत घेऊन, वरून तेल किंवा तूप-साखर घालून खायला पोरं अंथरुणातून आपण होऊन उठतात. त्यांना हाका मारून उठवू नका, वासाने येतात.

बाजेवर धुतलेलं लुगडं अंथरा आणि ऊन तापायच्या आत कुरडया घालून मोकळे व्हा. आता राखणीचा प्रश्न. काठी घेऊन पोराला उन्हात बसवू नका. गाळून उरलेला गव्हाचा चोथा बाजेपासून लांब, परसाच्या दुसऱ्या टोकाला पसरा, परळाच्या जवळ. चिमण्या, साळुंक्या, खारी तिकडे रमतात. कावळा एवढ्याने ऐकत नाही, त्याच्यासाठी बाजेवर पातळ ओढणी टाकून चार कोपऱ्यांना दगड ठेवावे लागतात.

सरगुंडे मात्र सावलीत बसून करायचं काम आहे आणि गप्पांना याच्याइतकं चांगलं काम दुसरं नाही. कणकेची बारीक लांब दोरी काडीवर वळायची, अलगद ओढून घ्यायची, वाळवायची. शिजवलेले सरगुंडे आणि गावरान आंब्याचा रस! पाहुण्यांना पहिल्याच दिवशी हे वाढा. आंबे झाडाला पाड लागल्यावरच उतरवा, तणसात अढी घाला, आणि शेंड्यावरचे पाच-दहा तिथंच राहू द्या. खारी आणि राघू कुठं जातील?

दुपार

बारा ते चार कोणी बाहेर जायचं नाही, हा नियम घरात आधीच सांगून ठेवा आणि पाळा. वाळ्याची ताटी भिजवा, माठात वाळ्याची जुडी टाका, कैरीचं पन्हं आणि ताक भरून ठेवा. पोरांना बिट्ट्या, कंचे, अष्टचंग शिकवा. पट पाटीवर खडूने आखता येतो. कामाला बाहेर जावंच लागलं तर डोक्याला दुपट्टा गुंडाळून, पोटभर पाणी पिऊन. एखाद्याचं अंग भट्टीसारखं तापलं आणि तो असंबद्ध बोलायला लागला तर सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

या नियमाला वर्षातून एकदा, पाच मिनिटांची सवलत. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, नागपूरला 26 मेच्या आसपास, वर्ध्याकडे दोनेक दिवस आधी. त्या दिवशी दुपारी बारा वाजून दहा-बारा मिनिटांनी अंगणात सपाट जागी तांब्या उभा ठेवा. सावली तांब्याच्या बुडाखाली जाते, बाहेर काही दिसत नाही. पोरांना आधीच्या आठवड्यापासून रोज त्याच वेळी सावलीची खूण खडूने करायला सांगा, म्हणजे ती दिवसागणिक आखूड होताना दिसते. आमच्या नातवाने तर दोन्ही पाय जुळवून उभं राहून स्वतःची सावली शोधली आणि सगळ्या गल्लीला बोलावून आणलं. जुलैत असा दिवस पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा आभाळ असतं.

दुपारचा दुसरा उद्योग म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिणं. परळावर कोण आलं, कोकीळ कधी ओरडायला लागली, कावळ्याने घरटं कुठल्या झाडावर बांधलं, पावशा कधी बोलला. कावळ्याचं घर आंब्यावर असलं तर पाऊस चांगला आणि बाभळीवर असलं तर ओढ, असं सासूबाई सांगतात. कॅलेंडर फेकू नका, दुसऱ्या वर्षीच्या शेजारी ठेवून बघायला फार बरं वाटतं.

रात्री अंगणात

दिवस मावळला की सडा टाका, बाजा बाहेर काढा आणि ज्याला यायचं त्याला येऊ द्या. जेवण हलकं ठेवा, बेसन-भाकर आणि कांदा पुरतो. स्वयंपाकघरात बाई अडकून पडली तर अंगणातल्या गप्पा तिच्या वाट्याला येत नाहीत.

झोपायचं ते बाजेवर, मच्छरदाणी लावून, तिची कड गादीखाली खोचून. जमिनीवर नाही. मण्यार रात्री फिरते, खाली झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिचा दंश इतका बारीक असतो की झोपही मोडत नाही. सरपण आणि गोवऱ्यांचा ढीग झोपायच्या जागेपासून दूर हवा, उठताना हातात बॅटरी हवी, चप्पल झटकूनच घालायची. पहाटे कोणाच्या पापण्या जड झाल्या, पोट दुखायला लागलं, गिळता येईना, तर चावल्याची खूण शोधत बसू नका. थेट सरकारी दवाखाना गाठा. सर्पविषावरचं औषध तिथं असतं. धामण दिसली तर मारू नका, ती उंदीर खाते.

झोप येईपर्यंत आभाळ आहेच. मे महिन्यात रात्री नऊला उत्तरेकडे सप्तर्षी उंचावर असतात. शेपटीच्या टोकापासून दुसरा तारा वसिष्ठ, त्याला खेटून बारीक अरुंधती. ती कोणाला दिसते यावर आमच्याकडे दरवर्षी पैज लागते. शेपटीची कमान तशीच पुढे नेली की तांबूस स्वाती. दक्षिण-पूर्वेला उशिरा विंचू वर येतो, त्याच्या छातीतला लालसर तारा म्हणजे ज्येष्ठा.

मृगाच्या आसपास मांडव उतरवायची घाई होते. उतरवण्याआधी तुऱ्हाट्यांमध्ये नीट बघा. होल्याची विस्कटलेली काड्यांची थाळी किंवा बुलबुलाची वाटी असेल तर तेवढा कोपरा राहू द्या, बाकीचा काढा. बल्ल्या धुऊन, वाळवून आढ्याला बांधून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच कामाला येतात. आणि परळ पहिल्या सरीनंतर लगेच आत घेऊ नका. जूनमध्ये पाऊस दहा-दहा दिवस ओढ देतो, ऊन तसंच असतं, आणि तोवर पाखरांना तुमच्या घराचं पाणी माहीत झालेलं असतं.